रोझेशिया आपल्याकडे नसतो, हे ठरवलं कोणी?

गुजरातेत दारूबंदी आहे, राज्य झालं त्या १९६० सालापासून. त्यामुळे बडोद्यात एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाचं नाक आणि गाल बारा महिने लाल दिसू लागले, नाकाची कातडी जाड, खडबडीत झाली, की निदान करायला डॉक्टर लागत नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी शेजारच्याच्या कानाशी लागतं, "परमिट काढलंय वाटतं." (आरोग्याच्या कारणासाठी दारूचा परवाना मिळण्याची सोय आपल्या कायद्यात आहे, आणि तिच्यावरचे विनोद कायद्याइतकेच जुने आहेत.) गृहस्थ बिचारे चहापलीकडे कशाला शिवलेले नसतात. त्यांना झालेला असतो रोझेशिया.

दारूने हा चेहरा पेटतो हे खरं. पण तसा तो उन्हाने, वाफाळत्या चहाने, सेव-उसळीच्या तर्रीने, भट्टीजवळ उभं राहिल्याने आणि साहेबाने चारचौघांत झापल्यानेही पेटतो. नाक जाड आणि गाठाळ होण्याच्या प्रकाराला रायनोफायमा म्हणतात. तो पुरुषांत जास्त दिसतो आणि आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांना होतो. जे. पी. मॉर्गन या अमेरिकन धनाढ्याला तो होता. त्याला फोटो काढून घेण्याचा तिटकारा होता आणि छापल्या जाणाऱ्या फोटोंत त्याचं नाक दुरुस्त केलेलं असे. मकरपुऱ्याच्या कारखान्यातल्या फोरमनला ती सोय नाही. त्याचं नाक रोज सकाळी हजेरीच्या रांगेत सगळ्यांसमोर असतं.

कामावर जाणाऱ्या वयाच्या माणसांत हा आजार किती आहे, हा प्रश्न वरवर डॉक्टरांचा वाटतो. माझ्या मते तो कामगार-धोरणाचा आहे. त्याचं उत्तर कोण, कुठे बसून आणि कोणत्या नजरेने बघतं यावर ठरतं. आपल्याकडे ती नजर तयारच झालेली नाही, आणि त्या रिकाम्या जागेत स्टिरॉइडच्या मलमाची ट्यूब जाऊन बसली आहे.

आजार काय आहे ते आधी थोडक्यात. चेहऱ्याच्या मधल्या भागात, म्हणजे गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मध्य इथे, येऊन-जाऊन लाली येते. मग ती राहू लागते. बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसतात. काहींना मुरुमासारखे लाल फोड आणि पू भरलेल्या पुटकुळ्या येतात, पण मुरुमात असतात तशी काळी-पांढरी टोकं त्यांत नसतात. त्वचेची जन्मजात संरक्षणयंत्रणा नको तितकी चवताळलेली असते, रक्तवाहिन्या आणि नसा उष्णतेला वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात, आणि डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव, जे आपल्या सर्वांच्या चेहऱ्यावर निमूटपणे राहतात, ते अशा चेहऱ्यांवर जास्त संख्येने सापडतात. आजार सहसा तिशीनंतर डोकं वर काढतो. मुळापासून जात नाही, पण आवरता येतो. मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, आयव्हरमेक्टिन ही लावायची औषधं आहेत, पोटात घ्यायला कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन आहे, आणि रोजचं सनस्क्रीन. यातलं काही चैनीचं नाही, काही फार नवंही नाही.

आता आकडे. ते इथे जरा सावकाश बघितले पाहिजेत, कारण सगळी गंमत त्यांच्या आपसांतल्या भांडणात आहे.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वीडनमध्ये ८०९ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे चेहरे तपासले, तेव्हा दहा टक्क्यांना रोझेशिया निघाला. बायकांत १४, पुरुषांत ५ टक्के. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एस्टोनियात नोकरदार माणसं तपासली, तेव्हा तिशीच्या वरच्यांत २२ टक्के लोकांमध्ये आजाराचं किमान एक मुख्य लक्षण होतं. म्हणजे जवळजवळ पाचातला एक. उलट जर्मनीत त्वचातज्ज्ञांनी वेगवेगळ्या कंपन्यांतल्या ९०,८८० कर्मचाऱ्यांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोझेशिया दोन टक्क्यांच्या जरासा वर होता. पाच वर्षांनी त्याच जर्मनीत दुसऱ्या संशोधकांनी ३० ते ६५ वयाची माणसं घेतली, आधी प्रश्नावली भरून घेतली, मग चेहऱ्यावर लक्ष देऊन तपासलं, आणि आकडा आला १२.३ टक्के. रशियात त्याच पद्धतीने ५ टक्के. या दोन्ही देशांत सापडलेल्यांपैकी बहुतेकांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं की हा रोझेशिया आहे.

एकाच देशात २ आणि १२. पाच वर्षांत जर्मन लोकांच्या गालांना काही झालं नव्हतं. पहिल्या पाहणीत अंगभर बघता बघता चेहरा एक होता. तीळ, गाठी, नखांची बुरशी सगळं बघायचं होतं, आणि तपासायच्या क्षणी चेहरा शांत असेल तर नोंद होणार नव्हती. दुसऱ्या पाहणीत माणसाला आधी विचारलं होतं: चेहरा लाल होतो का, किती वेळ राहतो, आग होते का. वयोगटही वरचा होता. रोझेशिया येतो-जातो. बुधवारी सकाळी वातानुकूलित खोलीत बघितलेला चेहरा शनिवारच्या दुपारबद्दल काही सांगत नाही.

२०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज झाली. सर्वसाधारण लोकसंख्येत ५.४६ टक्के, सगळ्यात जास्त ४५ ते ६० या वयात. त्याच गोळाबेरजेत त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्यांमधलं प्रमाण मात्र २.३९ टक्के. हे दोन आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. त्वचेच्या दवाखान्यात इतर शंभर आजारांची गर्दी असते, तेव्हा टक्केवारी थेट ताडून बघणं बरोबर नाही हे मान्य. तरीही त्वचेच्याच दवाखान्यात त्वचेचा एक आजार बाहेरच्यापेक्षा विरळ दिसावा, याचा साधा अर्थ हा की ज्यांना तो आहे ते तिथवर पोचलेले नाहीत. आणि आपल्याकडे 'रोझेशिया कमीच दिसतो हो' असं जे म्हटलं जातं, ते जवळजवळ सगळं बाह्यरुग्ण विभागात बसून म्हटलं जातं.

मोठे आकडेही मी जसेच्या तसे गिळणार नाही. स्वतःच सांगितलेल्या लक्षणांवर आधारलेल्या पाहण्यांत प्रमाण सर्वांत फुगतं, हे त्याच गोळाबेरजेत निघालं आहे. आयर्लंडमध्ये उन्हात काम करणारे आणि आत काम करणारे असे मिळून हजार लोक तपासले, तेव्हा एकूण १४.४ टक्के निघाले, पण पुटकुळ्यांचा प्रकार फक्त २.७ टक्के. उरलेले बहुतेक लालीचे. आता गोऱ्या आयरिश माणसाचा उन्हाने रापलेला गाल आणि रोझेशियाचा गाल यांतली रेघ कुठे मारायची, यावर अख्खा आकडा हलतो. चेहरा लाल होणं हा सगळा आजारच ठरवला तर ज्यांच्याकडे विकायला काही आहे त्यांची चांदी होते. अमेरिकेतल्या रुग्ण-संस्थेच्या पाहण्यांत नोकरीवर परिणाम झाला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण मोठं असतं, पण अशी प्रश्नावली भरायला बसतो तोच, जो आधीच गांजलेला आहे. म्हणून माझा आग्रह बावीस टक्क्यांचा नाही. पुटकुळ्या, सततची आग, आणि डोळे, एवढ्यांपुरतीच मोजणी केली तरी पुरे. लाजून गाल लाल होणाऱ्यांना सुखाने लाजू द्यावं.

तरी ही सगळी युरोपची कथा, आणि तिथे लाली दिसते. आपला प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

त्वचेचे एक ते सहा प्रकार पाडणारी अमेरिकन त्वचातज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची जी मोजपट्टी आज सगळीकडे वापरतात, ती १९७५ साली मुळात गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांचा उपचार किती द्यायचा हे ठरवण्यासाठी बनली. तपकिरी आणि काळी कातडी तिच्यात नंतर घातली गेली. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. या कातडीत लाली असते, पण ती तांबूस-जांभळट किंवा नुसती काळपट वाटते. बारीक रक्तवाहिन्या रंगद्रव्याखाली झाकल्या जातात. डॉक्टर पुस्तकात जे चित्र बघून शिकले ते बहुधा सेल्टिक, म्हणजे आयरिश-स्कॉटिश वळणाच्या गोऱ्या गालाचं असतं. त्यामुळे सावळ्या रुग्णाला मुरुम, अ‍ॅलर्जी, वांग, सेबोरिक डर्मटायटिस यांपैकी काहीतरी नाव मिळतं. कधी उलटही होतं: गालावरची ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आजाराची) लाली रोझेशिया समजली जाते, आणि ते जास्त महागात पडतं. ल्युपस सहसा नाकाशेजारची घडी सोडतो आणि त्यात पुटकुळ्या नसतात. म्हणजे बघायचं ठरवलं तर फरक कळतो.

आपल्या घरांत याच्यावर आणखी एक थर आहे. गोऱ्या मुलीचे गाल उन्हातून आल्यावर लालबुंद झाले तर आजीला कौतुक वाटतं. सावळ्या मुलीचा चेहरा तितकाच तापलेला असतो, पण तिला 'काळवंडलीस गं' असं ऐकावं लागतं. दोघींपैकी कोणाचीच आग कोणी विचारत नाही.

आणि मग उष्णता. बडोद्यात मे महिन्यात पारा सर्रास चाळिशीपार असतो. तेव्हा चेहऱ्याची आग झाली तर उष्णता वाढली, पित्त खवळलं, गुजराती शेजारीण म्हणते गरमी निकळी. सब्जा, गुलकंद, कोकम, चंदनाचा लेप. हे उपाय मी हसण्यावारी नेत नाही. गार राहणं, उन्हात न फिरणं, तिखट कमी करणं या आजीच्या सगळ्या सूचना रोझेशियाला लागू पडतात. फक्त लिंबू-हळद चोळू नये, कारण आधीच चिडलेल्या कातडीवर ते मिठासारखं झोंबतं. अडचण एवढीच की उष्णता म्हटलं की प्रश्न तिथे संपतो. दोन पावसाळे गेले तरी लाली आहेच, हे कोणी मोजत नाही. उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर पतंग उडवून आलेल्या माणसाचा चेहरा तापला तर समजण्यासारखं आहे. तो होळीपर्यंत तापलेलाच राहिला तर ते ऊन कधीचं म्हणायचं?

याच ठिकाणी ट्यूब येते. दांडिया बाजाराच्या बाजूला पोळी-भाजीचं काम करणाऱ्या एक ताई माझ्या ओळखीच्या आहेत. सकाळी सहा ते अकरा, दोन शेगड्यांसमोर उभं राहून शंभरावर पोळ्या. गालांची आग आणि मग बारीक फोड. मेडिकलवाल्याने काउंटरवरूनच बघितलं आणि ट्यूब काढून दिली: "आ लगाडो, बे दिवसमां मटी जशे." (हे लावा, दोन दिवसांत बरं होईल.) दोन दिवसांत खरंच मटलं. का मटणार नाही? स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, लाली ओसरते, आग थांबते, वर चेहरा उजळतो. त्यांनी पुढच्या ट्यूब स्वतःच मागून घेतल्या, बहिणीलाही दिल्या. कातडी पातळ व्हायला लागली, डेमोडेक्सला रान मोकळं मिळालं, आणि ट्यूब थांबवली की चेहरा आधीपेक्षा दुप्पट पेटायचा. त्यामुळे ती थांबवताच येईना. मूळ दुखणं रोझेशियाचं होतं की उकाड्याचं साधं पुरळ, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ट्यूबनेच रोझेशियासारखा चेहरा तयार केला. त्वचातज्ज्ञाकडे गेल्या तेव्हा ट्यूब हळूहळू सोडवण्यात बरेच महिने गेले.

ताई एकट्या नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतभरातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांना विचारलं गेलं. त्यांतले ४३३, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्या ४३३ पैकी २९ टक्के ते गोरं होण्याचं क्रीम किंवा दाढीनंतरचं मलम म्हणून वापरत होते. ५९ टक्क्यांहून जास्त लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. भारतीय त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नाव दिलं, तिच्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये पक्की केली: चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा आहे. मांडवीपासून वाघोडिया रोडपर्यंत कोणत्याही गजबजलेल्या मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की कायद्याची तब्येत कळते.

आता कोणी म्हणेल, आणि कारखान्यातला माणूस म्हणेलच, की नंदेसरीत रसायनांच्या वाफा, कुठे सिलिका, कुठे आवाजाने बहिरे होणारे कान, आणि तुम्ही गालाच्या लालीचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप वजनदार आहे. फुप्फुस आणि गाल यांत आधी फुप्फुस, वादच नाही. पण दोन गोष्टी. एक, कामगार-कायद्याला चेहऱ्याकडे बघता येतच नाही असं नाही. क्रोमियमच्या कामात हातांवरच्या जखमा आणि नाकाचा आतला पडदा ठरावीक काळाने तपासण्याची पद्धत कितीतरी वर्षांपासून आहे, कारण क्रोमियमने पडद्याला भोक पडतं. नाकाच्या आत बघणाऱ्याने बाहेरून अर्धा मिनिट बघितलं तर खर्च किती वाढेल?

दुसरी गोष्ट डोळ्यांची, आणि माझ्या लेखी ती गालांपेक्षा महत्त्वाची. रोझेशिया असलेल्यांपैकी पुष्कळांना, काही अभ्यासांत निम्म्याहून जास्त जणांना, डोळ्यांचा त्रास असतो: पापण्यांच्या कडा लाल, वाळू गेल्यासारखं खुपणं, कोरडेपणा, पुन्हा पुन्हा रांजणवाडी. काहींना तर डोळ्यांची लक्षणं चेहऱ्याच्या आधी येतात. दुर्लक्ष झालं तर बुबुळापर्यंत पोचतं आणि नजर जाऊ शकते. वेल्डरने हे सांगितलं तर आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगाट, लागला असेल म्हणतात. बँकेतल्या बाईने सांगितलं तर स्क्रीनचा चष्मा करून घ्या. क्रेन चालवणारा तर सांगतच नाही, कारण डोळ्यांची तक्रार म्हणजे गाडीवरून खाली उतरण्याची भीती. चेहरा आणि पापण्या एकत्र कोणी बघत नाही. चेहरा त्वचेवाल्याचा, पापण्या डोळेवाल्याच्या, आणि अर्ध्या दिवसाचा पगार दोन्हीकडे कापला जातो.

म्हणून मागणी साधी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची आहे. चाळिशीच्या वर म्हणजे नेमकं रोझेशियाचं वय. या तपासण्यांचा सर्वसाधारण साचा सगळ्यांना माहीत आहे: वजन, रक्तदाब, साखर, छातीचा फोटो, अंकांचा तक्ता वाचायला लावणं, आणि सही. त्या साच्यात चेहरा आणि पापण्या यांची एक ओळ घालावी. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) दवाखाने आहेतच. संशयित रुग्ण तिथून पुढे सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात पाठवता येतो. नवी इमारत नको, नवं यंत्र नको. त्या जर्मन पाहणीत ९०,८८० माणसं सापडली ती कामाच्याच ठिकाणी, आणि त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला उपचाराची गरज असलेलं त्वचेचं काही ना काही निघालं. रोझेशिया दोनच टक्के निघाला तरी बाकीचं फुकट गेलं नाही.

ताईंसारख्यांचं काय, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. पोळी-भाजीवाल्या, नाश्त्याच्या गाडीवर तासन्‌तास तेलासमोर उभा असलेला माणूस, चौकातला होमगार्ड, नवरात्रात रात्रभर गरब्यात ढोल वाजवून सकाळी दुकान उघडणारा पोरगा. ज्यांचा चेहरा सगळ्यात जास्त तापतो ते कोणत्याच हजेरीपटावर नसतात. संहितेचा मालक त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी जागा एकच, मेडिकलचा काउंटर, आणि म्हणून शेड्यूल एचची अंमलबजावणी हा माझ्या मते या विषयाचा अर्धा भाग आहे. औषध निरीक्षक झोपेच्या गोळ्यांच्या नोंदी तपासतात, तशाच चेहऱ्याच्या ट्यूबच्या तपासल्या पाहिजेत. मेडिकलवाल्याचीही बाजू आहे. गिऱ्हाईक चिठ्ठी मागितली की शेजारच्या दुकानात जातं, आणि त्वचातज्ज्ञाची फी ट्यूबच्या किमतीच्या कितीतरी पट असते. पण ही बाजू ऐकून घेतल्यावरही त्याने ती ट्यूब द्यावी असं काही मला वाटत नाही.

मोजणीची भीती बडोद्याला तरी असू नये. संस्थानात जनगणना होत असे तेव्हा माणसांबरोबर वेडे, मुकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी वेगळे मोजले जात, आणि मोजणाऱ्यांना सूचना असे की अंगावर नुसते पांढरे डाग असलेल्याला कुष्ठरोगी लिहू नका. ही सूचना पाळली नाही तर कोड असलेली माणसंही कुष्ठरोग्यांत धरली जाऊन आकडा उगाच फुगला असता. कातडीची मोजणी नजरेच्या शिक्षणावर अवलंबून असते, हे संस्थानी कारकुनाला माहीत होतं, तर आजच्या कारखान्याच्या डॉक्टरला ते शिकवायला एक दुपार पुरेल. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ सालापासून इथे आहे. त्वचा विभागातल्या कोणीतरी सावळ्या चेहऱ्यांचे वीस फोटो दाखवून ही दुपार घडवून आणावी.

त्या दुपारी शिकवायचं ते थोडकं आहे. माणसाला खिडकीशी उजेडात बसवायचं, ट्यूबलाइटखाली नाही. मेकअप, पावडर पुसायला लावायची. गालाचा रंग त्याच्याच हाताच्या आतल्या बाजूशी ताडून बघायचा, कारण सावळ्या कातडीत लाली तुलनेनेच कळते. गालाला हात लावून गरम लागतो का बघायचं. पापण्यांच्या कडा बघायच्या. मग विचारायचं: चहा, ऊन, तिखट, भट्टी यांनी चेहऱ्याची आग होते का, आणि ती किती वेळ टिकते? डोळे सकाळी चिकटतात का? वर्षात किती रांजणवाड्या आल्या? आणि शेवटी, खरं उत्तर मिळायला सगळ्यात अवघड प्रश्न: चेहऱ्याला काय लावता? इथे 'काही नाही' असं उत्तर आलं तर लिहून मोकळं व्हायचं नाही. बहुतेकांना ते औषध वाटतच नाही, क्रीम वाटतं. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी सूचनाफलकावर, गुजराती आणि मराठी दोन्हींत, एक ओळ लावायची: घरात चेहऱ्याला लावायच्या जेवढ्या ट्यूब आहेत, रिकाम्यासुद्धा, तेवढ्या उद्या बरोबर आणा.